राणीची बग्गी

धायरी,
२० ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
विजयमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि यंत्र तू कानाला लावत नाहीस, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमची मार्ता गणपतीत राणी होणार आहे. सून पोलंडची, गोरीपान. सोसायटीतल्या बायकांना आयतीच सापडली. नाटक कर्वेनगरच्या नीरजाबाईंनी रचलंय, सगळं मनचंच. परक्या मुलखातली पंधरा वर्षांची पोर युरोपातल्या कुठल्याशा दरबारात सून म्हणून येते. वेशीवरच तिचे कपडे बदलतात, दासी माघारी धाडतात, कुत्रं काढून घेतात, नावही नवं ठेवतात. ती बोलायला चुकली की दरबार हसतो. पुढं राजा वारतो, भाऊ न्यायला येतो आणि राणी बग्गीत बसून माहेरी निघून जाते. पडदा.

बग्गीचं ऐकलं आणि मला आमचंच घर दिसलं. आमच्या रणजितला कंपनीनं पोलंडला बोलावलंय, कायमचं. घरात कोणी विषय काढत नाही. काल तालमीत कुत्रं काढून घेतलं तेव्हा मार्ता खरीखुरी रडली. अक्का, ही पोर गेली तर मला करमायचं नाही. ती येईपर्यंत मी जेवायची थांबते म्हणून रोज माझ्यावर रागावते, तेवढंच काय ते आमचं भांडण. हाक मात्र आत्या अशीच मारते, आपल्याकडच्या सुनांसारखी.

लोभ आहेच, तो वाढता राहू दे.
तुझी,
विजयमाला


फलटण,
२८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. बायडास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धायरीकरांनी ताटातल्या तांदळांत विजयमाला लिहिलं, म्हणून मी काही माझी बायडा विसरले नाही. लग्नानंतर तूही गोठ्यातल्या तांबड्या वासरासाठी महिनाभर रडत होतीस. आलीस का परत? कुत्र्यासाठी रडली म्हणून पोर लगेच बग्गीत बसत नसते. मन चिंती ते वैरी न चिंती.

दूध उतू गेल्यावर धावायची तुझी जुनी खोड आहे. तिला सरळ विचार. सून आहे, वाघ नव्हे. आणि वेळेवर जेवत जा, तुला पित्ताचा त्रास आहे.

माया आहे ती आहेच, उत्तर तेवढं धाड.
तुझी अक्का,
चंद्रभागा


धायरी,
१६ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊनही माझ्याच्यानं विचारवलं नाही. परवा नाटक झालं. बग्गी बघायची हिंमत नव्हती, म्हणून गुडघ्याचं निमित्त काढून घरीच बसले. पण मांडवातला कर्णा नेमका आमच्या स्वयंपाकघराकडं तोंड करून लावलेला. खिडकी लावली तरी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

शेवटी राणीचा भाऊ म्हणाला, चल ताई, बग्गी उभी आहे. तालमीत इथं राणी डोळे पुसून निघायची. माझा हात झाकल्या ताटावर तसाच राहिला. मग मार्ताचा आवाज आला, अगदी आपल्या धायरीच्या हेलात. तू जा बाबा, मी काय येत नाय, घरी आत्या जेवायच्या थांबल्यात, असं म्हणाली. मांडव हसला, आणि मग टाळ्या थांबेनात. मी रडले गं, पोटभर रडले. मग उठून पिठलं गरम करायला ठेवलं.

मुकुटासकट घरी आली. जेवताना विचारलंच मी. पोलंडला जायचं नाही, हे तिनं रणजितला श्रावण लागतानाच सांगितलं होतं म्हणे. आमचे चिरंजीव कंपनीला नकार कळवून मोकळे झाले आणि आईला सांगायचं विसरले. तालमीत तिला माहेरचं कुत्रं आठवलं होतं, बाकी काही नाही. नीरजाबाई मात्र म्हणाल्या, पुढच्या वर्षी नाटक आपल्या सूनबाईंनीच लिहावं, आम्ही सतरंज्या उचलू.

डिसेंबरात ती महिनाभर वडिलांना भेटून येणार आहे. तेवढे दिवस मी वेळेवर जेवेन, पण त्यावर एक दिवस जरी लावलास तर ताट झाकून बसेन, असं तिला बजावून ठेवलंय.

तुझा लोभ आहे तसाच असू दे.
तुझी,
बायडा