गावाच्या इतिहासातलं एकसष्टावं पान

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून केला असता, पण कमरेने या वयात नकार कळवला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक. तुझी भावजय ठणठणीत आहे, फक्त गेले पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

मी गावाचा इतिहास लिहिला हे तुला ठाऊक आहेच. निवृत्त मास्तर म्हणजे रिकामा माणूस, अशी सरपंचांची समजूत. एके सकाळी अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, सहा हजार वस्तीचं आपलं गाव, आणि इतिहास नाही म्हणजे काय?" मी भुललो. गाव केव्हा वसलं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी जपून ‘सुमारे हजार वर्षांपूर्वी’ असं लिहिलं. त्यावर सरपंच म्हणाले, "दोन हजार करा. नदीपलीकडच्या गावाने पंधराशे छापलंय." केलं बाई. नंतर घराघरांतून आजोबा यायला लागले. म्हणजे आजोबा वारलेले, नातू यायचे. गावातली पहिली विहीर प्रत्येकाच्याच आजोबांनी खणली होती. कुणाला कशाला दुखवायचं, म्हणून माझ्या पुस्तकात पहिल्या विहिरी चार आहेत. शिंप्याने आजोबांचा फोटो आणला, त्यात आजोबांचं फक्त कोपर आलेलं. तेही छापलं, खाली नाव घालून. पूर आला ते साल, वीज आली ते साल, कापूस जाऊन कांदा आला ते साल, सगळं घातलं. एकशे बेचाळीस पानं झाली.

प्रकाशन पंचायतीच्या सभागृहात, रविवारी सकाळी. सगळा गाव लोटला होता. (इतिहासासाठी नव्हे, आपापल्या आजोबांसाठी. पुस्तक हातात पडताच प्रत्येकाने बोटाने आपलं नाव शोधलं आणि मिटून मांडीखाली घेतलं.) मी निवडक उतारे वाचत होतो. एकसष्टाव्या पानावर आलो आणि आवाज जरा चढवून वाचलं, की सातवीची परीक्षा उत्तीर्ण होणारे या गावचे पहिले विद्यार्थी म्हणजे प्रस्तुत लेखक.

पुढच्या रांगेत सुईणमावशी बसली होती. तिला आता नव्वदी लागली, दिसतं कमी, पण ऐकू येत नाही असं नाही. ती म्हणाली, "काय वाचलंस? परत वाच."

मी परत वाचलं. हळू.

"आणि तुझी ताई रे?" मावशी म्हणाली. "दोघं एकाच बैलगाडीतून परीक्षेला गेला होतात. ती पास झाली. तू गणितात आपटलास आणि गवताच्या गंजीत जाऊन बसलास. तुझे पाय धरून मीच ओढला तुला बाहेर."

सभागृह हसून हसून लोळलं. सरपंचांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की शाळेच्या जुन्या रजिस्टराला वाळवी लागली होती, नोंदी सापडल्या नाहीत, वगैरे. मावशी थांबेल तर ना! म्हणाली, "ते राहू दे. हे सांग, अर्ध्या गावाची नाळ मी कापली. तुझ्या पुस्तकात माणसं मरतात, निवडून येतात, विहिरी खणतात. जन्माला कुणीच येत नाही का?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. मागे भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या (खुर्च्या आजोबांच्या नातवांनाच पुरल्या नव्हत्या). त्यांतली एक हळूच म्हणाली, "बियाणं घरात कोण राखून ठेवायचं, तेही नाही त्यात." दुसरी म्हणाली, "पुराच्या साली गुरं सोडवली कुणी?" मी पानं चाळत राहिलो, जणू कुठेतरी असेल. नव्हतं. ताई, मला चावडी माहीत होती, शाळा माहीत होती आणि बाजार माहीत होता. गाव म्हणजे तेवढंच, असं समजून मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं.

घरी आल्यावर हिने एकच विचारलं, "रजिस्टर खरंच खाल्लं होतं का वाळवीने?" तेव्हापासून अबोला. तिला नाही सांगितलं, तुला सांगतो. वाळवीने कडा कुरतडल्या होत्या. तुझं नाव शाबूत होतं, निळ्या शाईत, हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात. मी ते बघितलं, रजिस्टर मिटलं आणि घरी येऊन एकसष्टावं पान लिहिलं. वाळवीने सोडलं ते नाव मी खाल्लं. तुला शिक्षणाची तशी गोडी नव्हती असं बाबा सगळ्यांना सांगायचे, मीही तेच धरून चाललो होतो. मग तुझ्या पास होण्याची आठवण तरी कुणाला असणार, असं वाटलं.

आणि परवा तुझं पार्सल आलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसतं मी तुला पाठवलेलं पुस्तक परत. उघडलं तर पानोपानी लाल शाई. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, तीनशेअकरा चुका दुरुस्त केलेल्या. चारही पहिल्या विहिरींपुढे प्रश्नचिन्ह. शिंप्याच्या आजोबांच्या कोपरापुढे उद्गारचिन्ह. फक्त एकसष्टावं पान कोरं. त्या पानावर ‘उत्तीर्ण’ मधला उकार मी दीर्घ काढलाय गं. तोही तू तसाच ठेवलास. बाकी तीनशेअकरा चुकांचं हसू आलं. त्या एका चुकीपाशी मी जेवणाची वेळ टळेपर्यंत बसून राहिलो.

दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायचं ठरवलं आहे. खळीचं भांडं घेऊन मी स्वतः दारोदार फिरतो आहे. लोक चहा देतात आणि गंजीची गोष्ट पुन्हा सांगायला लावतात. सांगतो.

प्रकृतीस जपावे. घरच्या सर्वांना माझी आठवण सांगावी.

तुझा,
धाकटा

ता. क. : चिठ्ठीत तुझं लग्नाआधीचं नाव घालू की आत्ताचं, ते कळव. रजिस्टरात आधीचं आहे.

ता. क. दुसरा : मुख्य काम सांगायचं राहिलंच. दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात. पाणी, बियाणं, गुरं, बाळंतपणं, चुली, हा सगळा भाग मला लिहिता येणार नाही. तू लिहिशील का? मावशी सांगायला तयार आहे, पण मला नाही, तुलाच सांगेन म्हणते. तिचं वय बघता लवकर ये. शुद्धलेखन तुझं, मी फक्त पानांचे आकडे घालीन.

ता. क. तिसरा : गोडी नव्हती असं धरून चाललो होतो, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. निकालानंतर हेडमास्तर घरी आले होते, तुला शहरातल्या शाळेत घाला म्हणून सांगायला. आई अंथरुणावर होती आणि घरी कुणीतरी एक लागणार होतं. ते गेल्यावर तू बाबांना म्हणालीस, "मला कंटाळा आलाय अभ्यासाचा. त्यालाच परत बसवा परीक्षेला, गणित मी घेईन त्याचं." मी दाराआड उभा होतो. तेरा वर्षांचा होतो, सगळं समजत होतं. आत येऊन ‘ती खोटं बोलतेय’ एवढंच म्हणायचं होतं. मी पाय न वाजवता अंगणात गेलो आणि तू हाक मारेपर्यंत तिथेच थांबलो.