अध्यक्षीणबाईंचं तबक

॥ श्री ॥

मळमड्डी, धारवाड
४ नोव्हेंबर २०२४

चि. वेदश्रीस आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीला आली नाहीस म्हणून रागावले होते, पण पत्र वाचलं आणि राग दुसरीकडंच वळला. फोन करू नकोस. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं, आणि या विषयातलं निम्मं ऐकून माझं भागायचं नाही.

रायापूरच्या वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी हुबळीचं महिला मंडळ कॉफीच्या बिया विकणार आणि त्यांची चव पारखायला तुला चिक्कमगळूरहून बोलावणार, हे ठीक. पण त्या मंडळाच्या अध्यक्ष कोण, ठाऊक आहे का? विद्यानगरच्या जयलक्ष्मीबाई! सुमंतची आई. तुला बघायला आल्या होत्या, त्याच. तू कॉफीचं तबक घेऊन बाहेर आलीस, बाईंनी एक घोट घेतला आणि चारचौघांत बशीत थुंकल्या. असली कॉफी आमच्याकडं गडीमाणसंसुद्धा पिणार नाहीत, म्हणाल्या. अकरा वर्षं झाली, तरी आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. पूड अण्णाने आणली होती. आपणच शिळी पूड आणून पोरीचं लग्न मोडलं, असं तुझा बाप मरेपर्यंत म्हणत राहिला.

त्या बाई भावाच्या सकलेशपूरच्या मळ्यातल्या बिया देणार आहेत, असं ऐकलं. आता गाठ तुझ्याशी आहे. सरळ शून्य गुण दे. देव काही म्हणणार नाही, म्हणालाच तर माझ्याकडं पाठव.

प्रकृतीस जप. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे जास्त.

तुझी
पार्वतीआत्या

॥ श्री ॥

चिक्कमगळूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास वेदश्रीचा सा. न. वि. वि.

अध्यक्ष कोण ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून तर होकार दिला. निमंत्रण आमच्या कचेरीच्या नावाने आलंय, त्यामुळं कोण येणार हे त्यांना माहीत नाही.

शून्य गुण मात्र देणार नाही. माझ्या जिभेवर माझं पोट आहे. ती एकदा खोटं बोलली की मला कोण विचारणार? शिवाय आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी माझं काय वाकडं केलंय! पण आत्या, तू एक विसरतेस. आम्ही चव घेणारे कॉफी पीत नाही. चमच्याने सुर्रकन ओढायची, तोंडभर फिरवायची आणि पिकदाणीत थुंकायची. सगळे कप गिळत बसलो तर संध्याकाळपर्यंत डोकं गरगरेल. हे काम शिकायला लागले त्या दिवशी मला हसू आणि रडू एकदमच आलं होतं.

मंडळाच्या चिटणीस पूजाताईंनी कळवलंय, की ही पद्धत लोकांना आधी समजावून सांगितली तर बरं. मी नको म्हणून कळवलं. आणि ऐक. ज्यांनी बिया दिल्या त्यांनी आपापला कप तबकातून आणून माझ्यासमोर ठेवायचा, ही टूम खुद्द अध्यक्षीणबाईंची. पहिला मान त्यांचाच. मी खुर्चीत बसलेली असेन आणि तबक घेऊन त्या येतील. आत्या, मला धीर धरवत नाही.

माया आहे तशी ठेव आणि हे पत्र शेजारी वाचून दाखवू नकोस.

तुझी
वेदश्री

॥ श्री ॥

चिक्कमगळूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

काल कार्यक्रम संपताच परतावं लागलं, धारवाडला येता आलं नाही. त्याची भरपाई म्हणून सगळं लिहिते.

सभागृह भरलं होतं. बाई ठेवणीतली इरकल नेसून तबक घेऊन आल्या. मी मान वर केली नाही. चमचाभर कॉफी ओढली आणि थुंकले. पुढच्या रांगेतून कोणीतरी अय्यो म्हटलं. मग मी वर बघितलं, आणि त्यांनी मला ओळखलं.

मी मुद्दाम कन्नडात बोलले, कोणाला कळलं नाही असं व्हायला नको. म्हटलं, कॉफी फार चांगली आहे. थुंकणं ही आमच्या कामाची रीत आहे आणि पाचही कप मी असेच थुंकणार. पण अकरा वर्षांपूर्वी मळमड्डीत तुम्ही माझी कॉफी थुंकलात, ती कोणती रीत होती, तेवढं सांगा.

पूजाताई मध्ये पडायला आल्या, तर बाईंनीच त्यांना थांबवलं. म्हणाल्या, कॉफीत काही खोट नव्हती. सुमंतने बेंगळुरूत मुलगी ठरवल्याचं त्याच सकाळी सांगितलं होतं. मुलाचं नाव खराब होऊ नये म्हणून मुलीत काहीतरी खोट काढायची होती, आणि हातात कप होता. एवढंच. आत्या, एवढंच! आणि माझे अप्पा स्वतः आणलेल्या पुडीला दोष देत गेले.

त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मी दिली नाही. ज्यांच्याकडं मागायला हवी होती ते गेल्या वर्षी गेले, असं सांगितलं आणि पुढचा कप आणायला लावला. सर्वांत जास्त गुण त्यांच्याच बियांना पडले, पाकिटंही सगळी खपली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

निष्ठुर म्हणालीस तरी चालेल, पण आपली म्हण.

तुझी
वेदश्री

॥ श्री ॥

मळमड्डी, धारवाड
२६ नोव्हेंबर २०२४

चि. वेदश्रीस अनेक आशीर्वाद वि. वि.

शाबास पोरी! तुझं पत्र अण्णाच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं.

आता इथलं ऐक. परवा दारात रिक्षा थांबली आणि जयलक्ष्मीबाई उतरल्या, एकट्याच. अण्णाच्या फोटोला नमस्कार करायचाय, म्हणाल्या. आलेल्या माणसाला दारातून कसं घालवणार? बसा म्हटलं आणि आत गेले. संतापाच्या भरात दूध खाली लागलं. घरभर करपट वास. दुसरं दूध होतं, पण मी त्याच दुधाची कॉफी केली, साखरेचा डबा उघडला नाही, कप हातात दिला आणि समोर उभी राहिले. म्हटलं, बघू आता काय करतात.

बाईंनी एक घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. मग दुसरा घेतला. तोंडसुद्धा वाकडं न करता सगळा कप संपवला, बशीत सांडलेलीही प्यायल्या. फोटोसमोर बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या आणि गेल्या.

मागाहून पातेल्यातली उरलेली कॉफी मी चाखली. मला एक घोट गिळवला नाही ग.

माफी द्यायची की नाही ते तू ठरव. मी अजून दिलेली नाही. पण बाई पुन्हा आल्या तर दुधाजवळ उभी राहीन.

या म्हातारीवर लोभ करशीलच, पण कधीतरी येऊन कर.

तुझी
पार्वतीआत्या