खेळाच्या तासाची चिठ्ठी

प्रिय आई,

पत्राला 'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय. तसं आज तुझ्याबद्दल मनात लई गोड काही न्हाय. सोमवारी सृष्टीचा फोन आला होता. खेळाच्या तासाला सगळ्या पोरी मैदानावर आणि माझी लेक एकटी पायरीवर, दुसऱ्यांच्या चपला सांभाळत! बाईंनी कारण विचारलं तर हिनं चिठ्ठी दाखवली. तुझी चिठ्ठी. गेल्या वर्षी माझी बदली परंड्याला झाली, हिचे बाबा कायम फिरतीवर, म्हणून यंदा जूनपासून वर्षभरासाठी लेक तुझ्याकडं ढोकीला ठेवली. महिन्याच्या आत तू तिलाही बसवलंस. वा गं माय!

त्या चिठ्ठीत काय आहे ते मला न वाचता माहीत आहे. 'माझ्या पोरीला दमा आहे. तिला पळू देऊ नये.' तुला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तू चुलीपुढं बसून सांगायचीस आणि मी लिहायची. मग बॉलपेनची शाई अंगठ्याला चोळून तू खाली ठसा उमटवायचीस. पाचवीपासून दहावीपर्यंत, दर जूनमध्ये. स्वतःची शिक्षा स्वतःच्या अक्षरात लिहून देणारी पोरगी साऱ्या जिल्ह्यात मीच पहिली असेन, आता सृष्टी दुसरी. लंगडी न्हाय, खोखो न्हाय. दोरीवरच्या उड्या मारायला लागले तर तू ती दोरी नेऊन गाईला बांधलीस. आणि बघायला पाहुणे आले त्या दिवशी? माझा दम्याचा पंप तू पिठाच्या डब्यात खुपसलास. 'पंप दिसला की सोयरीक मोडंल.' मी तासभर श्वास चोरून बसले आणि त्या लोकांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे. झालं लग्न. त्याचं श्रेय अजून तू घेतेस!

इतकी जपलीस, तर पुढं काय झालं ते ऐक. इथल्या कचेरीचा एक जिना चढले की मला कठडा धरून उभं राहावं लागायचं. पस्तिशीच्या बाईला! शेवटी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, दमा आहेच, पण निम्मी दमछाक बसून राहिल्याची आहे. शरीराला कधी कामालाच लावलं नाही. त्यांनी दोन पंप दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता, दुसरा चालायला निघायच्या पाव तास आधी. आणि चालायला लावलं. किल्ल्याच्या खंदकाकडेनं पहिल्या दिवशी दहा मिनिटं, तेही रमतगमत. चौथ्या दिवशी छातीत शिट्टी वाजली तेव्हा दगडावर बसून रडले, आणि खरं सांगते, तुला शिव्या घातल्या. मग पंप घेतला, शिट्टी थांबली आणि हळूहळू घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले.

आता आठ महिने झाले. चाळीस मिनिटं भराभर चालते, शेवटचा टप्पा पळते. व्हय, पळते! फुंकायच्या मशीनवरचा आकडा फारसा हललेला नाही, ते बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण जिना चढताना कठडा लागत नाही. मधेच घ्यायचा पंप आठवड्यात एखादवेळ लागतो, पूर्वी रोज लागायचा. रात्री उशी टेकवून बसावं लागत नाही. दमा गेला न्हाय, तो जाणारही न्हाय. पण हे सगळं मला बाराव्या वर्षी करता आलं असतं, आई. ते तू करू दिलं नाहीस, आणि मी अजून माफ केलेलं नाही.

तू का घाबरलीस तेही मला माहीत आहे. सहा वर्षांची होते, जत्रेत पळताना माझे ओठ निळे पडले. ही गोष्ट तू आल्यागेल्याला सांगतेस, 'पळाली म्हणूनच झालं.' पुढचं मात्र गाळतेस. मला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत तू अनवाणी पळालीस. टाचेत बाभळीचे काटे मोडले, ते शेजारच्या इरम्माकाकूनं सुईनं काढले. त्या दिवशी तुला पळता आलं नसतं तर मी हे पत्र लिहायला राहिले नसते. एवढं तरी मान.

डॉक्टरीणबाईंनी सृष्टीलाही तपासलंय. दमा तिलाही आहे, पण तिला पळू द्यायचं असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. तो कागद मी तुझ्या हातात दिला होता, बघ पिठाच्या डब्यात सापडेल. आधी पंप, मग दहा मिनिटं हळू चालणं, मग पळणं. पंप खिशात. शिट्टी वाजली की थांबायचं. शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं असेल त्या दिवशी घरात बसायचं. बास, एवढंच.

हे फोनवर का सांगितलं नाही, म्हणशील. फोनवर तू 'आवाज येईना' म्हणून बंद करतेस. पत्र तुला कुणाकडून तरी वाचूनच घ्यावं लागतं, आणि घरात वाचणारी एकच आहे. आत्ता हे सगळं तू सृष्टीच्या तोंडून ऐकते आहेस. सृष्टे, रडू नको, पुढं वाच. वाचून झालं की वहीतलं कोरं पान फाड आणि पेन घेऊन आजीपुढं बस. आई, डॉक्टरीणबाईंचा कागद मी परस्पर शाळेत पाठवू शकले असते. पण मग पोर तुझी नजर चुकवून पळेल आणि पंप लपवायला शिकेल, माझ्यासारखी. मला नव्या चिठ्ठीवर तुझा अंगठा हवा आहे. पोरगी तुझ्यापुढं बसली असेल. आता तिला सांग, काय लिहायचं ते.

तुझीच,
पायरीवर बसवलेली गौरी