जुन्या रंगाचं इंजन

३ फेब्रुवारी

डोकं फिरलं आमच्या या माणसाचं! रिटायर होऊन घरी बसला होता बरा. आज सकाळपासून जुने ब्रश काढून धुऊन राहिला. का? तर नागपूरहून रोज आपल्या सौंसरले येते त्या पॅसेंजरच्या इंजनाले जुना रंग द्यायचा आहे. छोट्या लाईनीच्या, नॅरोगेजच्या वेळी जी रेल्वे कंपनी होती तिचा — गडद तांबडा, त्यावर पिवळा पट्टा.

ठेकेदार दिलीप घरी आला होता. "काकाजी, कंपनीचं नाव तुमच्याच हातचं पायजे. आजकाल हातानं अक्षर कोण काढते?"

झालं! सुखदेव पेंटर फुगले. घराच्या दाराले इतक्या वर्षांत रंगाचं बोट लागलं नाही, आणि इंजन रंगवते म्हणे!

५ फेब्रुवारी

गावात दुसरा विषयच नाही. इंजनाच्या स्वागताचा समारंभ आहे, भगवंतराव त्याच्या समितीचे अध्यक्ष. माझ्या अंगणवाडीच्या दारात उभे राहून मलेच सांगतात, "कमलबाई, काय दिवस होते ते! छोटी गाडी कशी डुलत डुलत जायची!"

हो, डुलायची. आमची माय टोपलं घेऊन चढली की बाकावरचे लोक सरकून बसत. तिले जागा व्हावी म्हणून नाही, विटाळ नको म्हणून.

त्या दिवसांचा रंग पायजे यांले!

९ फेब्रुवारी

सुखदेव सकाळच्या गाडीनं नागपूरच्या इंजन-शेडमध्ये जाते, दिवे लागल्यावर येते. बोलणं नाही, चालणं नाही. मोठे कलाकार! "झालं का नाव?" विचारलं तर "होऊन राहिलं." भाजीत मीठ नव्हतं आज. तेही कळलं नाही त्याले.

१२ फेब्रुवारी

समारंभासाठी नवा सदरा आणला. तांबडा! इंजनाचा भाऊ दिसते.

१५ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

इंजन स्टेशनात आलं. हार, बँड, मोबाईल वर करून उभी असलेली गर्दी. भगवंतरावांचं भाषण — आपला वारसा, आपली शान! साहेबांची नावं घेतली, हलवायाचंही घेतलं. सुखदेवचं नाही. आणि हा मागं नळाजवळ उभा, दोन्ही हात खिशात, न बोलावता लग्नात आल्यासारखा. असा राग आला त्याच्या गरीबपणाचा!

मी इंजनाजवळ गेली. नावावर हात फिरवला — गुळगुळीत. प्लास्टिक! छापील स्टिकर! कोपरा नखानं उचलला, तर खाली ब्रशचा पिवळा रंग.

दिलीपले सगळ्यांसमोर धरलं. "माझ्या माणसाच्या अक्षरावर प्लास्टिक चिटकवता? जुना रंग पायजे अन् जुना माणूस नको? लाज नाही वाटत?"

बँड थांबला. भगवंतराव धावले. "बाई, कार्यक्रम खराब नका करू."

"तुम्ही तर गप्पच बसा!"

दिलीप खाली मान घालून ऐकत होता. मधात एकदा फक्त नळाकडे पाहिलं त्यानं.

मग सुखदेव आला. "कमल, घरी चल."

रस्त्यानं मी त्यालेही सोडलं नाही. बायल्या म्हटलं, मुका म्हटलं. घरी आल्यावर त्यानं दार लावलं अन् दोन्ही हात माझ्यासमोर धरले. थरथरून राहिले होते. उजवा तर झाडाच्या पानासारखा.

"बरेच महिने झाले. ब्रश हाती घेतला की हात थांबन असं वाटलं होतं. नाही थांबला. अक्षर वाकडं गेलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाकडं. मीच दिलीपले म्हटलं, झाक बाबा हे, अन् कोणाले सांगू नको."

मी त्याले खाटेवर बसवलं.

"त्यानं शब्द ठेवला, कमल. तुझ्या शिव्या खाल्ल्या, पण ठेवला."

एका घरात राहतो आम्ही. एका ताटलीवर दुसरी ठेवावी इतक्या जवळ. अन् मले दिसलं नाही.

१६ फेब्रुवारी

दिलीपकडे जाऊन आली. माफी मागितली. दवाखान्याचं त्यालेच विचारलं, सोबत येतो म्हणाला.

त्याआधी सकाळी सुखदेवची दाढी मी केली. लग्नापासून पहिल्यांदा. तो डोळे मिटून बसला होता.

"कल्ल्याची लाईन सरळ ठेवजो," म्हणाला.

ठेवली.