मास्तरांच्या लक्षात आलं असतं का

७ मार्च

चि. चिमणीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस. कानात मशीन घालून बसलेला म्हातारा मी, आणि ऐकू न आल्यासारखी तू! म्हटलं, पत्रच टाकावं. पत्राला ‘हं’ म्हणून सुटता येत नाही.

इकडे सर्व ठीक, असं लिहिणार होतो. पण शेजारी ठीक नाही. मास्तर परवापासून घरी आहेत. विमानतळाच्या टॉवरमधून त्यांना उठवलं, चौकशी होईपर्यंत माइकवर बसायचं नाही म्हणून सांगितलं. मास्तरीणबाईंनी हे मामीला कुंपणापलीकडून सांगितलं, आणि हेही सांगितलं की ज्या निरीक्षक बाईंमुळे हे झालं, ती तुमची चिमणी. मामीनं तिथल्या तिथे ठणकावलं की आमची पोर असलं काही करणार नाही. मला तसं ठणकावता येईना. तुझं काम मला कुठे नीट कळतं? विमानांना वाट दाखवणाऱ्या माणसांच्या मागे बसायचं आणि ती नियमानं वागतात का ते बघायचं, एवढंच तू सांगितलं होतंस. तेव्हा मी मामीला म्हटलं होतं, म्हणजे आपली पोरगी लग्नाआधीच सासू झाली.

पण बाळ, ज्या माणसानं तुला हे काम बोट धरून शिकवलं, त्यालाच? माझ्या डोक्यात शिरेल असं काहीतरी लिही. रागावलो नाही, नुसता गोंधळलोय. वेळेवर जेवत जा, म्हणजे आमचा घास नीट उतरेल.

तुझा,
मामा

११ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसं सध्या सगळ्याच अंगाचं झालंय. काल ऑफिसातून आले आणि बूट न काढता पलंगाच्या कडेला बसून राहिले. काही विचार करत होते म्हणावं, तर तेही नाही.

झालं ते असं. भर दुपार होती, लख्ख ऊन. मी टॉवरमध्ये मागच्या खुर्चीत बसले होते. धावपट्टीचे दिवे तपासायला एक गाडी आत गेली होती. तिला आत सोडणाऱ्या मुलीची पाळी संपली आणि मास्तर आले. उठण्याआधी तिनं त्यांना सगळं तोंडी सांगायचं असतं: कुठलं विमान कुठे आहे, धावपट्टीवर काय आहे. गाडी आत असली की समोरच्या फळीवर लाल पट्टीही ठेवायची असते. ती ‘सर, सगळं ठीक’ म्हणाली आणि उठली. पट्टी ठेवायची राहिली. मास्तर बसले आणि येणाऱ्या विमानाला त्यांनी उतरायची परवानगी दिली.

मागच्या खुर्चीनं बोलायचं नसतं. धोका दिसला तरच बोलायचं. विमान अगदी जवळ आलं तेव्हा मी ‘गाडी!’ म्हणाले. मास्तरांनी त्याच क्षणी, आवाज जराही न चढवता, विमानाला परत वर जायला सांगितलं. ते गेलं. कुणाला खरचटलंही नाही.

आता चौकशी समितीनं मला एकच प्रश्न लेखी विचारलाय: मी बोलले नसते, तर मास्तरांच्या आपणहून लक्षात आलं असतं का? त्यांना परत माइकवर बसू द्यायचं की नाही, हे या उत्तरावर ठरणार आहे.

मामींना सांगा, जेवते.

आपली,
चिमणी

१६ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

‘जेवते’ एवढंच लिहिलंस. मामी विचारते, काय?

काल संध्याकाळी टॉवरची सगळी मंडळी मास्तरांकडे आली होती. मलाही बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्याकडच्या कुंपणावरून दिल्या. ज्याला त्याला मास्तरांनीच घडवलेलं. जो तो सांगत होता की विमान जवळ आलं की मास्तर धावपट्टीवर दुसऱ्यांदा नजर टाकतात म्हणजे टाकतातच, त्या दिवशीही मान वळतच होती, मागच्या खुर्चीतली पोरगी जरा लवकर ओरडली. ती उठून गेलेली मुलगी कोपऱ्यात बसून नखं खात होती. मास्तर स्वतः ना ‘हो’ म्हणाले, ना ‘नाही’. सगळ्यांना चहा पुरला का, ते बघत होते.

निवृत्तीला वर्षही उरलं नाही त्यांचं. आता अंगणात उभे असतात आणि वरून विमान गेलं तरी मान वर करत नाहीत. हे बघवत नाही गं.

मी अडाणी माणूस, शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला. तुला शहाणपण शिकवत नाही, पण गळ घालतो. ‘लक्षात आलं असतं’ एवढं लिहायला काय जातं? खोटंही नाही ते, सगळे तेच म्हणतायत. पोरी, माणसाला माघारी फिरायला जागा ठेवावी.

उत्तराची वाट बघतोय. लोभ तुझ्यावर आहे, तसा शेजारच्यावरही आहे, हे समजून घे.

तुझा,
मामा

२१ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मास्तरांची मान वळत होती की नाही, हे मी पाहिलं नाही. मी धावपट्टीकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. ‘आलं असतं’ लिहिलं तरी खोटं, ‘नसतं आलं’ लिहिलं तरी खोटं. म्हणून ‘सांगता येत नाही’ असं लिहून दिलं. अशी शंका उरली की ती प्रवाशांच्या बाजूनं धरतात, मास्तरांच्या नाही. हे मला लिहिताना माहीत होतं. सही करताना काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, याचाच विचार करत घरी आले.

आणखी एक लिहिलंय, ते तुम्हाला सांगते. तिकडे बोलू नका. नंतरचे काही दिवस मी तिथल्या पाळ्या बदलताना पाहिल्या, आणि आधीच्या पाळ्यांबद्दल सगळ्यांना विचारलं. एरवी ती मंडळी एकमेकांना सगळं सांगतात, एक अक्षर गाळत नाहीत. फक्त मास्तर आले की सांगत नसत. उठून खुर्ची देत. असं का, विचारलं तर हसले; म्हणाले, ज्यांनी हे सांगायला शिकवलं त्यांनाच काय सांगायचं? मीही तिथे माइकवर बसायची तेव्हा उठतच होते, मामा. त्या मुलीनं वेगळं काही केलं नाही. मी लिहिलंय की यापुढे कुणीही आलं तरी बसूनच, सगळं सांगूनच उठायचं.

तुमचं ऐकलं नाही. रागवा, पण अबोला धरू नका.

आपली,
चिमणी

३ एप्रिल

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. रागावलोच होतो, कशाला लपवू? मामी म्हणाली, रुसायचं वय राहिलं नाही तुमचं, गुडघे दुखतात ते पुरे.

आज समितीपुढे मास्तरांना बोलावलं होतं. माझ्याच सोबतीनं गेले. मी बाहेर बाकावर बसलो. मग दोघं परत आलो. फाटकाशी आल्यावर थांबले आणि एका दमात बोलले. तुझं उत्तर त्यांना वाचून दाखवलं म्हणे. मग त्यांनी तिथे सांगितलं, ‘निरीक्षकांना सांगता येत नसलं तरी मला सांगता येतं. लक्षात आलं नसतं. दुसऱ्यांदा नजर टाकणं माझं केव्हाच सुटलंय. पोरांना वाटतं मी अजून टाकतो.’ त्या मुलीला बोल लावू नका, असंही म्हणाले. ‘मी आलो की उठू नका, असं मी कधी म्हटलं नाही. मला ते आवडायचं.’

माइक गेला. उरलेले महिने नव्या मुलांना वर्गात शिकवायचं आहे. मास्तरीणबाई रडल्या, ते नाही.

मी विचारलं, चिमणीला काही निरोप? म्हणाले, तिला एवढंच सांगा की ती वेळेवर बोलली.

आता मला एक किडा चावतोय. चिमणे, हे सगळं त्यांनी खरं म्हणून सांगितलं, की तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून? विचारू का?

घरी ये. उन्हाळा आहे, पण घर तुझं आहे.

तुझा,
मामा

८ एप्रिल

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आज ऑफिसात विचारलं की मास्तरांच्या जबाबानंतर तुम्हाला आपलं उत्तर बदलायचंय का. मी नाही म्हटलं. ‘सांगता येत नाही’ तसंच राहील.

घरी येऊन बूट काढले, भात लावला. मामींना सांगा, भात आणि डाळ. जेवताना तुमचं पत्र पुन्हा वाचलं, भात गार झाला. तसाच संपवला.

रविवारी येते. कुंपणापलीकडेही जाईन. ते काय बोलतील ठाऊक नाही, मी काय बोलेन तेही नाही, बसू नुसते.

एक मागणं आहे, तेवढं ऐका. त्यांनी खरं सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, हे त्यांना कधीही विचारू नका. मीही विचारणार नाही.

आपली,
चिमणी