भिंतीतल्या वायरींसह

मी, नथू झिपरू बोरसे, वय वर्षे एकसष्ट, मूळचा शिरपूरकडचा, हल्ली राहणार किलवणी रोड, सिल्वासा, माझ्यामागे काय कोणाचे, ते आज पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता लिहून ठेवत आहे. पत्नी चिमाबाई गेल्यापासून मला आनंद होत नाही आणि दुःखही होत नाही. डोके मात्र चालते. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे.

घर माझ्या कमाईचे आहे. खडोलीच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेलची वायरिंग करून ते बांधले. आतल्या दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर मुलगा ललित याला. बँकेतली ठेवही त्यालाच. आईच्या आजारपणात त्याने हात आखडला नाही, हे मी विसरलेलो नाही.

पुढच्या खोलीत संगणक आहे. मुलगी रोशनी सासर सोडून आली, तेव्हा वापीहून सुटे भाग आणून आम्ही दोघांनी तो जोडला. त्यावर ती शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करते आणि त्यावरच तिचे भागते. मशीन चालू झाले त्या दिवशी वायरींचा गुंता पाहून चिमाबाई म्हणाली, "हाई काय जायं लटकाडी ठेयं घरमा?" मी पडलो पॅनेलवाला, घरात जाळे लटकवले म्हटलेले मला लागले. संगणकाच्या डब्यातल्या वायरी मेणाच्या दोऱ्याने आवळल्या, बाकीच्या टेबलाला भोक पाडून खाली घेतल्या. प्रिंटर समोरच्या फळीवर होता. त्याच्या वायरीचे रुंद तोंड वायरिंगच्या पाइपातून जाईना, म्हणून भिंतीत झिरी पाडून ती तशीच पुरली आणि वर सिमेंट मारले. चिमाबाईने भिंतीवरून हात फिरवला आणि हसली. त्या वेळी मला बरे वाटले होते, एवढे आठवते.

गेल्या दिवाळीत ललित रोशनीला म्हणाला, "तुझा डबा उचल आणि निकल ना. रूम भाड्याने द्यायचीय."

ती म्हणाली, "डबा उचलीन रे, पण वायरी भिंतीत आहेत."

मी तिथेच बसलो होतो. राग यायला हवा होता, आला नाही. म्हणून हा कागद करतो आहे.

तरी संगणक, प्रिंटर, टेबल आणि पुरलेल्या सर्व वायरी रोशनीला. त्या वायरी ज्या भिंतीत आहेत ती भिंत, आणि ती भिंत ज्या खोलीची आहे ती पुढची खोली, रस्त्याकडच्या दारासह, रोशनीलाच. जावई संजू समेट करायला आला, तर त्याला चहासुद्धा देऊ नये.

ललित म्हणेल, मशीन बंद पडले की खोली माझी. तसे नाही. मशीन भंगारात गेले, रोशनीने टाइपिंग सोडले, दिवसभर नुसती बसून राहिली, तरी खोली तिचीच. बापाच्या घरात राहण्यासाठी तिला कोणालाही काम दाखवावे लागू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून आम्हा तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या.

नथू झिपरू बोरसे (सही)

साक्षीदार:
सुनंदा दत्तात्रय पेडणेकर, शिक्षिका (सही)
बारकू वाळू महाले, शेजारी (सही)

सिल्वासा, दि. १४ नोव्हेंबर १९९८