चौकात मौन धरणारी गाडी

इंदिरा नगर, लखनौ
२१ मे

प्रिय पंढरीनाथ,

चंद्रकांतचा नमस्कार घे आणि लतिकावहिनींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा रक्तदाब? भुसावळचा उन्हाळा तुम्हा दोघांना सोसवतो आहे ना? आम्ही इथे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात गेल्या मंगळवारपासून माझ्या गाडीची किल्ली कांचनच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. ती गाडीची किल्ली परत मिळावी म्हणून हे पत्र. सगळं क्रमाने सांगतो, कारण प्रकरण दिसतं तितकं सरळ नाही.

डिसेंबरात अमोघने (चिरंजीव बंगळूरला असतात आणि तिथून आमची काळजी करतात) माझी जुनी गाडी विकायला लावून ही नवी ऑटोमॅटिक घेऊन दिली. पहिल्याच दिवशी पॉलिटेक्निक चौराह्यावर लाल दिवा लागला, मी ब्रेक दाबला आणि इंजिन बंद. ना धक्का, ना धूर, ना खोकला. चौतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये काढलेल्या माणसाला इंजिन बंद होणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. जानेवारीच्या थंडीत आपण उभी इंजिनंसुद्धा धडधडत ठेवायचो, कारण एकदा थंड पडलं की ते पुन्हा सुरू होईल याची हमी कोण देणार? तेव्हा मी नियमाने वागलो. गाडी वाटेत फेल झाली की आधी मागून येणाऱ्या गाड्यांना थोपवायचं. कांचनच्या हाती लाल फडकं दिलं आणि तिला मागे तीस पावलांवर उभं केलं. (तिने नको म्हटलं होतं, हेही नोंदवतो.) मग बॉनेट उघडावं म्हणून ब्रेकवरून पाय काढला, तर इंजिन आपलं आपण सुरू! तेवढ्यात दिवा हिरवा झाला, मागच्यांनी भोंग्यांचा गिल्ला केला आणि मला पुढच्या वळणापर्यंत थांबताच आलं नाही. कांचन फडकं धरून तिथेच. एका ई-रिक्षावाल्याने तिला विचारलं, "आंटी जी, किसको रोक रही हैं? अंकल तो निकल लिए." त्याच रिक्षातून ती घरी आली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शोरूममध्ये राघव नावाचा मेकॅनिक आहे. तो हसून म्हणाला, "अंकल जी, ये खराबी नहीं, फीचर है. रेड लाइट पे पेट्रोल बचाता है." आपल्या वेळी इंजिन बंद पडलं की त्याला फेल म्हणायचे आणि कोणाची तरी वेतनवाढ जायची. बंद इंजिनाची वकिली करताना माणूस इतका हसत असेल तर पाणी कुठेतरी मुरत असणार. आणि मुरलंच. त्याच संध्याकाळी अमोघचा फोन आला (लखनौत वाढला, आमच्याशीही हिंदीच बोलतो), "बाबा, शोरूम में क्या कर रहे थे?" गाडी कुठे उभी आहे हे त्याला म्हणे मोबाइलवर दिसतं. आता ज्याला बंगळूरहून गाडी दिसते, त्याला ती बंद करायला कितीसा वेळ लागणार? खात्री करायला म्हणून मी एकदा सरोजिनी नगरला जातो असं सांगून उलट्या दिशेला बख्शी का तालाबला गेलो. परत येतो तो फोन वाजलाच, "बाबा, बख्शी का तालाब में क्या काम था?" काम काही नव्हतं. एक डझन पेरू घेऊन आलो होतो, तेही कच्चे निघाले.

मग मी रजिस्टर घातलं. तारीख, चौराहा, गाडीत कोण, इंजिन थांबलं की नाही. निष्कर्ष असे की मी एकटा असलो की ते हमखास थांबतं. मे महिन्यात एसी पूर्ण सोडला की थांबत नाही. कांचन चालवत असली की जाऊन-येऊन एकदाही थांबत नाही. ती म्हणते, ती ब्रेक हलका दाबते आणि मी ब्रेकवर उभा राहतो. असेलही. पण यंत्राने माणूस पाहून वागावं, हे मला पटत नाही.

आता मंगळवार. भाजी घेऊन येत होतो. आपल्याच गेटात वळताना गाडी डाव्या खांबावर गेली. दिवा फुटला, खांबाच्या दोन विटा हलल्या. माझा जबाब असा की गेटात इंजिन थांबलं, मग न विचारता सुरू झालं आणि गाडीने उसळी घेतली. अमोघ म्हणाला, "बस, बाबा. अब ड्राइवर रख लेते हैं." आणि कांचनने किल्ली उचलली. पंढरी, मला फार वाईट वाटलं. निवृत्तीच्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान हार घातला होता.

गाडी रुळांवरून घसरली की सगळ्या खात्यांनी मिळून लिहायच्या त्या आपल्या जॉइंट नोटा तुला आठवत असतील. लोकोवाले रुळांना दोष द्यायचे, रूळवाले डब्यांना, डबेवाले लोकोला, आणि चहा संपेपर्यंत दोष अशा कोणावर तरी जायचा, जो त्या दिवशी रजेवर होता. तशी एक नोट तू अमोघला लिही. तो तुला मानतो. तपासाअंती दोष यंत्राचा, चालक निर्दोष, खाली तुझी सही. एवढं कर.

वहिनींनी केलेलं लोणचं संपलं आहे, हे सहज लिहितो. लोभ चालू ठेव, तो मध्येच बंद पडू देऊ नकोस.

तुझा
चंद्रकांत

ता. क. हे फक्त तुझ्यासाठी. मंगळवारी इंजिन चालू होतं. व्यवस्थित चालू होतं. खांब मला दिसलाच नाही. डाव्या डोळ्यापुढे डिसेंबरात धुकं आलं, ते लखनौचं गेलं तरी माझं गेलेलं नाही. इथे डॉक्टरकडे गेलो तर अमोघला कळेल आणि किल्ली कायमची जाईल. तुझा मोतीबिंदू काढणारे डॉक्टर अजून आहेत ना? तुझ्या घरी एखादं लग्न काढ, पुतणी, भाची, कोणीही चालेल, आणि मला एकट्याला आग्रहाचं बोलावणं पाठव. कांचनला कळता कामा नये. ती रडेल, आणि मग मला भीती वाटेल. थोडी आत्ताच वाटते आहे.

आणखी एक ता. क. पंढरीनाथ भाऊजी, मी कांचन. पिन कोड लिहायला ह्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं. ते चिकटवलं आहे असं ह्यांना वाटत होतं, पण सगळा डिंक टेबलाला लागला होता. आतल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या. तुम्हाला वाचता आल्या नसत्या, म्हणून सबंध पत्र माझ्या अक्षरात उतरवून काढलं, शब्दही बदललेला नाही. (पावलं तीस नव्हती, साठ होती.) धुक्याचं मला जानेवारीपासून ठाऊक आहे. हे आपणहून कधी सांगतात, याची वाट पाहत होते. लग्न जरूर काढा, फक्त बोलावणं सहकुटुंब असू द्या. तिकिटं मी दोघांची काढली आहेत. रडायचं तेवढं इथेच आटोपून येते.